जामीनदार हेडबाई

फोन वाजला आणि हेडबाईंनी उचलला नाही, असं कधी झालं नाही. हेडबाई म्हणजे माझी आत्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमचा अख्खा छत्रीबाग मोहल्ला तिला याच नावानं ओळखायचा.

माझं इंजिनिअरिंग कॉलेज तिसऱ्या वर्षात बंद पडलं. मालकांनी गेटला कुलूप लावलं. शिक्षणासाठी काढलेलं कर्ज मात्र चालूच राहिलं. वसुलीचे फोन येऊ लागले तसा बाबांनी मोबाईल बंद करून ठेवला, मी नंबर बदलला. मग बँकवाल्यांनी जामीनदाराला गाठलं. जामीनदार होती आत्या.

"बोलो भिया," ती आमच्याकडच्या हिंदीत म्हणायची; भिया म्हणजे भैया. पलीकडचा मुलगा आवाज चढवायचा. "चिल्लाओ मत बेटा, सुन रही हूँ. पहले बताओ, खाना खाया?" हळूहळू तोच तिला आंटीजी म्हणू लागला.

मी चिडायचो. "कशाला उचलतेस?"

"सही मी केलीये. आणि न उचलल्यानं तो माणूस नाहीसा होतो का?"

मी शिक्षण सोडून डिलिव्हरीचं काम धरलं होतं. एका सकाळी ती आमच्या घरी आली. "कॉलेज बंद पडलं, तू कशाला बंद पडतोस? शर्ट बदल." तिथून थेट बँकेत. मॅनेजरसमोर बसून म्हणाली, "हम भागे नहीं हैं, साहब. लड़के को दूसरे कॉलेज में एडमिशन मिल गया, तो आप थोड़ा रुकेंगे?"

प्रवेशाचा कागद आणा, मुदत वाढवून बघतो, असं तो म्हणाला. मग विद्यापीठाच्या चकरा सुरू झाल्या. ती पोळीभाजीचा डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची, आत मला पाठवायची. दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली, मुदतही वाढली. व्याज कुणी माफ केलं नाही. नोकरी लागल्यावर मी ते फेडत राहिलो.

शेवटचा हप्ता भरून पेढे घेऊन गेलो, तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. पेढा हातात तसाच धरून तिनं विचारलं, "तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं रे?"

मला माहीत नव्हतं.

"बघ ना जरा," ती म्हणाली. त्याच महिन्यात ती गेली.

तेराव्यानंतर मी विशालला शोधून काढलं. वर्गात माझ्या शेजारी बसायचा. आता मेव्हण्याच्या मोबाईलच्या दुकानात बसत होता; शिक्षण सुटलेलं, कर्ज तसंच थकलेलं. बँकेचं नाव काढताच त्यानं मान खाली घातली. "अब क्या होगा यार."

"विचारल्याशिवाय कसं कळणार? चल, मी येतो बरोबर."

त्यानं एकदा मेव्हण्याकडे पाहिलं, आणि काउंटरखाली वाकून चपला शोधू लागला.