तळाच्या भिंतीला लागून असलेली खोली

आज सकाळी मी इथेच आखातातल्या तणावाबद्दल लिहिलं होतं. ज्या देशात मित्रराष्ट्राचा लष्करी तळ आहे, तो देश संरक्षण करारामुळे तुलनेने सुरक्षित आहे, असा माझा निष्कर्ष होता. तुमच्यापैकी अनेकांना तो पटलाही.

दुपारी दादाने ते वाचलं. तो अशाच एका देशात बंदरावर क्रेन चालवतो. सध्या सुट्टीवर आलाय, परवा परत जाणार आहे. आई शेजारी बसून नाशिक रोडच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती.

"तज्ज्ञ मॅडम, आमची खोली त्या तळाच्या भिंतीला लागून हाय," दादा म्हणाला. "मग मी सुरक्षित का निशाण्यावर?"

"दोन्ही," मी म्हटलं. "तळामुळे त्या देशावर हल्ला करायला सहसा कोणी धजत नाही. पण झालाच, तर आधी तळावर होईल."

आईचे हात थांबले. "घरात तूच एकटी शिकलेली. मग सरळ सांग, याला जाऊ देऊ का नको?"

दादाच हसला. "जातो गं आई. खोली बदलून मागतो." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काही कळलं तर आधी मला सांग. आईला नंतर."

देशापुरता माझा निष्कर्ष मला अजूनही बरोबर वाटतो. त्याखाली आता फक्त एक ओळ वाढवली आहे: तळाशेजारी राहणाऱ्यांना हे लागू नाही.

तुमच्या घरचं कोणी तिकडे असेल, तर ते नेमकं कुठे राहतं हे तुम्ही कधी विचारलंय का?