व्यंकोबाअण्णांचा रांजण

व्यंकोबाअण्णा गेले ते उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या सकाळी मी घरच्यांबरोबर तिरुनागेश्वरमला होतो. राहूच्या अभिषेकाचं दूध हातात घेऊन रांगेत उभा असताना त्यांचा पुतण्या सायकल मारत आला. देवळात शिरताना वहाणा काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. "किट्टूमामा, काका गेले," एवढंच तो म्हणाला, आणि मग पायाकडे बघून ओशाळला. मी दुधाचं भांडं पुढच्या बाईंच्या हाती दिलं आणि त्याच्या मागे निघालो. वाटेत पहिल्यांदा मनात जे आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आता त्या माणसासमोर रोज बसायला नको... खोटं कशाला लिहू. आजवर पुष्कळ गप्प बसलो, आता गप्प बसण्याचाही कंटाळा आला आहे.

तिकडच्या, महाराष्ट्रातल्या वाचकांना आम्ही तंजावरी मराठी माणसं ठाऊक असतील-नसतील. मराठा राजांच्या मागून आमचे पूर्वज इकडे आले आणि राहिले. घरात मराठी बोलतो, उंबरा ओलांडला की तमिळ. माझं नाव कृष्णाजी, पण गावाला मी किट्टू. लिहिताना माझी भाषा जुनाट वाटली तर संपादकांनी ती सरळ करून घ्यावी, माझी हरकत नाही. व्यंकोबाअण्णा नात्यानं माझे कुणी नव्हते. आमच्याच गल्लीत राहायचे, माझ्याहून वयानं बरेच मोठे, कुंभकोणमच्या एका हायस्कुलात गणिताचे मास्तर. बी.ए. होऊन मी रिकामा बसलो होतो तेव्हा हेडमास्तरांकडे मला तेच घेऊन गेले. "इतिहास शिकवील. बोलतो कमी, पण पाठ पक्का आहे," असं त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं. त्यांच्या शब्दावर माझी नोकरी लागली.

शाळेचं नाव लिहीत नाही. कुंभकोणमची माणसं खुणांवरून ओळखतीलच. घंटा म्हणून आमच्याकडे रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, आणि सुंदरपेरुमाळ कोयिल गावाकडून येणारी पॅसेंजर स्टेशनात शिरल्याशिवाय पहिला टोला पडत नाही. कारण तिकडच्या शेतकऱ्यांची मुलं त्या गाडीनं येतात. गाडीला उशीर तर शाळेलाही उशीर. सभागृहातल्या रंगमंचाचा पडदा तिरुभुवनमच्या विणकरांनी दिलेला, रेशमी काठाचा, त्याला मुलांनी हात लावायचा नाही. हेडमास्तरांनी पगडीशिवाय व्यासपीठावर चढायचं नाही, आणि एखाद्याकडे पगडी नसलीच तर अडचण नको म्हणून हापिसातल्या खुंटीला एक कायमची अडकवलेली आहे. ती प्रत्येकाला थोडी सैल होते. सरस्वतीपूजेला पुस्तकं देवीपुढे रचली की दुसऱ्या दिवशीपर्यंत कुणी अक्षर वाचायचं नाही. एका वर्षी वाचनालयातल्या कारकुनानं वर्तमानपत्र उघडलं तर शिपायानं ते त्याच्या हातातून काढून घेतलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी नव्यानं हायस्कुलात आलेल्या मुलांना सगळ्यांत जुन्या मास्तरांनी शाळाभर फिरवायचं आणि हे सारं सांगायचं, हीदेखील एक प्रथाच. मी नोकरीला लागलो तेव्हा हे काम अण्णांकडे आलेलं होतं. ते तमिळमध्ये सांगत आणि फार रंगवून सांगत. मुलं आधी घाबरलेली असत, पगडीपर्यंत पोचली की हसू लागत. फेरी संपायची ती सभागृहामागच्या व्हरांड्यात, मातीच्या मोठ्या रांजणापाशी. तिथं वरच्या वर्गातली मुलं ओगराळं आणि पेले घेऊन उभी असायची. अण्णा म्हणत, "आपल्या संस्थापकांचा नेम होता. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलानं या एका रांजणातलं पाणी प्यायचं, मोठ्या मुलाच्या हातून. जो प्याला तो या शाळेचा." आणि मुलं पीत. अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मण आळीतली पीत, विणकरांची पीत, पलीकडच्या वस्तीतून आलेली एक-दोन असत तीही पीत. एकदा प्यायल्यावर वर्षभर त्याच रांजणावर सगळ्यांची ये-जा व्हायची. कुंभकोणमसारख्या गावात हे साधं नव्हतं. आईबाप कुरकुरायचे, पण संस्थापकांचा नेम म्हटल्यावर काय बोलणार.

संस्कृतचे शास्त्री एकदा त्यांना म्हणाले, "राव, तुमचे संस्थापक जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दर जूनला काहीतरी नवं बोलतात."

"जिवंतपणी त्यांना वेळ कुठं होता, शास्त्री," अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसणं वेगळं होतं, कारण मला माहीत होतं.

अण्णांनीच मला सांगितलं होतं. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, एका संध्याकाळी कावेरीच्या पायऱ्यांवर बसलो असताना. ते शाळेत आले तेव्हा व्हरांड्यात दोन रांजण होते. पाटी कशावरच नव्हती, पण कोणता कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक. एका उन्हाळ्यात त्यातला एक फुटला. कसा फुटला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवा यायच्या आत शाळा उघडली आणि अण्णांनी मुलांपुढे संस्थापकांना उभं केलं. "किट्टू," ते म्हणाले, "या गावात नवीन काही करायचं तर ते जुनं आहे म्हणूनच करावं लागतं. चांगलं आहे म्हणून सांगितलं असतं तर मला दारातून हाकललं असतं." मग नदीकडे बघत राहिले. "तुलाच सांगतोय. तू बोलत नाहीस म्हणून."

पुढे कित्येक वर्षं मी बोललो नाही. परगावचे पाहुणे आले तर अभिमानानं त्यांना तो रांजण दाखवायचो. मग माझा मुलगा रघू हायस्कुलात जायच्या वयाचा झाला.

त्या वर्षी पोंगलनंतर एक दिवस माझी आई वाढता वाढता म्हणाली, "गावातली पोरं पितात ती पितात. आपला रघू कशाला प्यायचा त्या मडक्यातलं?" मी खाली मान घालून जेवत राहिलो. ती पुन्हा म्हणाली, "तुझ्या बापानं मरेपर्यंत बाहेरचं पाणी तोंडाला लावलं नाही." आणि खरं सांगायचं तर, आईनं विचारायच्या आधीपासून माझ्याही मनात तेच होतं. दुसऱ्यांची मुलं रांगेत उभी राहून पीत तेव्हा मला बरं वाटायचं. रघूला त्या रांगेत कल्पून बघितलं की नको वाटायचं. अण्णांकडे जाऊन एवढंच म्हणता आलं असतं, 'अण्णा, माझ्याच्यानं होत नाही, त्या दिवशी रघूला घरी ठेवतो.' ते हसले असते, कदाचित रागावले असते, विषय तिथंच संपला असता. पण तसं म्हणायचं तर मी कसा आहे हे त्यांना कळलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी इतिहासाकडे गेलो.

शाळेला पन्नास वर्षं होत आली होती. समारंभात वाचायला छोटासा इतिहास लिहून दे, असं हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं. मी सुंदरपेरुमाळ कोयिलला जाऊन संस्थापकांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी हयात असलेल्या एका वृद्ध गृहस्थांना भेटलो. ते ओसरीवर पाय पसरून बसले होते. रांजणाचं विचारल्यावर खो खो हसले. "पाणी? आमच्या वेळी शाळेत पाणीच नव्हतं हो. तहान लागली की घरी पळायचो, ते परत यायचोच असं नाही." जे मला आधीच ठाऊक होतं त्याला एक साक्षीदार मिळाला. परतीच्या गाडीत मला फार हलकं वाटलं. सत्याचं काम करतोय असं मी स्वतःला सांगत होतो, आणि त्यावर माझा थोडाफार विश्वासही बसला होता.

समारंभाला सगळे पालक आले होते. मी घंटा वाचली, पडदा वाचला, पगडीला लोक हसले. मग त्याच आवाजात वाचलं की एका रांजणाची प्रथा संस्थापकांच्या काळातली असल्याला काही आधार सापडत नाही, ती नंतर केव्हातरी सुरू झालेली दिसते. अण्णांना मी आधी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांचं तबक धरून ते व्यासपीठाच्या पायरीशी उभे होते. लोक थोडे कुजबुजले, एवढंच. अण्णांनी तबक या हातातून त्या हातात घेतलं. समारंभ संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "छान वाचलंस. आवाज शेवटपर्यंत पोचत होता." पुढे काही नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

जूनमध्ये कुणी दुसरा रांजण आणून ठेवला नाही. तेवढं उघड कुणीच केलं नाही. मुलं फक्त घरून पाणी घेऊन आली, फिरकीच्या पितळी तांब्यात. आमच्याकडे त्याला कूजा म्हणतात, आणि कुंभकोणमच्या बाजारात पितळेला काय तोटा. रघूच्या हातातही एक होता, मीच घेतलेला. अण्णांनी नेहमीप्रमाणे फेरी काढली. पण व्हरांड्यात आल्यावर रांजणापाशी थांबले नाहीत. मुलांना घेऊन तसेच पुढे गेले. ज्यांच्या हातात तांब्या नव्हता अशी चार-दोन मुलं जराशी मागे रेंगाळली, एकमेकांकडे बघितलं, मग तीही पुढे गेली. मी खांबापाशी उभा राहून बघत होतो. मला हवं ते झालं होतं. रघू प्यायला नाही. एका घरातली अडचण टाळायला मी सबंध शाळेतला नेम मोडला होता, आणि तोही ज्यानं माझ्यावर भरवसा टाकला त्याचंच गुपित वापरून.

त्यानंतर आम्ही एकाच शिक्षकखोलीत पाच वर्षं बसलो. ते मला किट्टूच म्हणत, तपकिरीची डबी पुढे करत, माझ्या आईची चौकशी करत. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

कावेरीकाठी अण्णांचं सगळं उरकून परतताना रघू माझ्याबरोबर चालत होता. आता तो शेवटच्या वर्गात आहे, माझ्याहून उंच झालाय. मध्येच म्हणाला, "अप्पा, कूज्यातलं पाणी मी कधी प्यालो नाही."

"मग काय प्यायचास?"

"रांजणातलं. पहिल्या आठवड्यापासून. दुपारपर्यंत तांब्यातलं तापायचं." मग म्हणाला, "अण्णाच ओतायचे."

मी थांबलो. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, घरी सांगू नकोस. तुझ्या बापाला आधीच पुरे झालंय."

म्हणजे त्यांना सारं समजलं होतं. कदाचित मी वाचत होतो तेव्हाच... रघूला त्या रांगेत पाहू न शकलेला माणूस म्हणून ते मला पाच वर्षं ओळखत होते, आणि तपकीर पुढे करत होते. माझी लाज त्यांनी माझ्याच मुलाला सांभाळायला लावली. ही माया होती की शिक्षा, मला अजून ठरवता येत नाही. त्यांना विचारलं असतं तर गणितातलं काहीतरी सांगून त्यांनी उडवून लावलं असतं.

यंदा जूनमध्ये सगळ्यांत जुना मास्तर मीच निघालो. मुलांना घेऊन फिरलो. मला अण्णांसारखं रंगवता येत नाही, पगडीलाही कुणी फारसं हसलं नाही. व्हरांड्यात रांजणापाशी थांबलो आणि म्हणालो, "हा नेम संस्थापकांचा नाही. व्यंकोबाराव नावाच्या गणिताच्या मास्तरांनी तो सुरू केला. मी तो मोडला. माझा मुलगा यातलं पाणी पिऊ नये म्हणून मोडला." मुलं बावरून बघत राहिली. पुढचा एक जण म्हणाला, "सार, मग आम्ही प्यायचं की नाही?" मी म्हणालो, "मी पितो. तुमचं तुम्ही बघा." पाणी गार होतं. माझ्यामागून काही मुलं प्यायली, काही तांब्या छातीशी धरून उभी राहिली. त्यांना कुठल्या तोंडानं बोलणार होतो?

शिक्षकखोलीत अण्णांची जागा रिकामी होती. त्या समारंभानंतर त्यांनी आपलं टेबल मधल्या जागेवरून हलवून मागच्या खिडकीशी नेलं होतं. कोपरा अंधारा, वरून कौलं गळतात. कुणी विचारलं तर म्हणत, वारा येतो. त्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या खुर्चीत बसलो. तिथं वाऱ्याची झुळूकही येत नाही. खिडकीच्या गजांतून फक्त व्हरांड्यातला रांजणाचा कोपरा दिसतो. तासाला जाताना शास्त्री दारात थांबले. "काय राव, आता तुम्हालाही वारा हवा?"

"नाही," मी म्हणालो. "पाणी कोण पितं ते बघायला बसलोय."

शास्त्री आत आले, शेजारचं बाक ओढलं आणि माझ्याबरोबर खिडकीतून बघत बसले.