चौथ्या खांबापाशी बसलेली बुरुल

आमच्या आपा झोपेत बोलायच्या, पण आवाज न करता. नुसते ओठ हलायचे. लग्न होऊन ओश शहरात आले तेव्हा मी घाबरलेच. म्हटलं, सासू माझ्यावर मंत्र घालते की काय! नवरा हसला. "अगं, गिरणीतलं बोलणं आहे ते."

रेशीम गिरणीत मागांचा खडखडाट एवढा, की बायका एकमेकींचे ओठ वाचायच्या. आमच्या अनिपा-आपांच्या समोर, चौथ्या खांबापाशी, त्यांची मैत्रीण बुरुल. नवरे, सासवा, नव्या सुना, सगळ्यांची धुणी दोघींनी तिथेच धुतली.

पुढे गिरणी बंद पडली आणि बुरुल-आपा पार बहिऱ्या झाल्या. लोक कानाशी ओरडायचे, पोरं हसायची. शेवटी त्या घरात खाली मान घालून बसू लागल्या. आपा रोज जायच्या, समोर बसून ओठ हलवायच्या. बुरुल वर बघेल तर शपथ! परत आल्या की राग माझ्यावर. "मीठ घालायला हात झिजतात का गं तुझे?" मी मनातल्या मनात जळायचे, पण त्यांचे सुजलेले डोळे दिसले की त्यांच्यापुढे चहा ठेवायचे.

मध्येच आवई उठली, गिरणी पाडणार. आपांनी अन्न टाकलं. मग ठरलं, पाडायची नाही, तिथे वाचनालय करायचं. मागांच्या लाकडाची पुस्तकांसाठी कपाटं झाली, रिळांचे दिवे झाले. छपरातल्या तिरप्या काचा धुतल्या, तसा सायीसारखा उजेड खाली उतरला; दिवसा दिवे लावायची गरजच उरली नाही. खांब होते तिथेच होते.

पहिल्या दिवशी बुरुल-आपांना त्यांच्या लेकीनं आणि मी अक्षरशः ओढत नेलं. आत शिरताच मात्र त्यांनी आमचे हात सोडवले. पाय आपसूक चौथ्या खांबाकडे वळले. खुर्चीत बसल्या. आपा समोर, आपल्या जागी. त्या उजेडात बुरुल-आपांचा हात उठला, हवेत धागा चाचपू लागला. धागा तपासला की समोर बघायचं, ही जुनी सवय.

त्यांनी समोर बघितलं.

आपांचे ओठ हलले. बुरुल-आपांचेही हलले. दोघींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दालनात पानं उलटल्याचा तेवढा आवाज होता. मग आपा एकदम खो खो हसल्या. वाचनालयाची बाई दटावून म्हणाली, "शूऽऽ!"

"काय म्हणाल्या हो?" वाटेत मी विचारलं.

"मी म्हटलं, बये, इतकी वर्षं वर का बघितलं नाहीस? तर म्हणते, घरात तू कुठे आहेस तेच कळेना. तुझी जागा मागापलीकडे."

"आणि हसलात कशाला?"

"विचारत होती, तुझी सून अजून आळणीच रांधते का?"

मेल्या म्हातारीला बरं तेवढंच आठवलं! पण खरं सांगते, रस्ताभर मला रडू आवरेना. संध्याकाळी लगमानात, शेवयांच्या त्या रश्श्यात, सढळ हातानं मीठ टाकलं. खारटच झालं असणार. आपांनी वाडगा पुसून खाल्ला.

दुसऱ्या दुपारी त्या झोपल्या होत्या. ओठ स्वस्थ होते. मी हळूच त्यांच्या अंगावर रजई ओढली.