पर्यावरणाच्या रकान्यातलं शून्य

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची वीज कुठून आणायची याचे तक्ते करणं, ही माझी नोकरी. प्रत्येक प्रकल्पासमोर एक रकाना असतो, पर्यावरणाच्या किमतीचा. कोळशाच्या राखेपायी त्याच रकान्यावरून मी साहेबांशी घसा फाटेस्तोवर भांडलेला माणूस. सौर प्रकल्प आला की मात्र आम्ही सगळेच डोळे मिटून शून्य टाकायचो. धूर नाही, राख नाही, मग किंमत कसली?

असंच एक शून्य मी आमच्याच गावच्या गायरानावर होणाऱ्या सौर प्रकल्पापुढे टाकलं. मेडशीच्या फाट्याहून आत गेलं की टेकाडाला लागून आहे ते गायरान. सर्वेक्षणाच्या कागदावर लिहिलं होतं, 'ग्रामस्थांच्या सांगण्यानुसार या जमिनीतून काहीच मिळत नाही.'

आमच्याकडची रीत अशी, की सोयाबीन कसं झालं विचारलं तर घरात पोत्यांची थप्पी असली तरी माणूस म्हणणार, 'काय राजा, काहीच नाही.' नजर लागते. कागद घेऊन आलेल्याची तर हमखास लागते. सर्वेवाल्यांनी विचारलं, गावाने नेहमीचं उत्तर दिलं. त्या परक्या पोरांना ते खरं वाटलं. पण मी तर त्या गायरानातली बोरं खाऊन वाढलो. तरोट्याची भाजी, पळसाची पानं, माझ्या विधवा काकूच्या बकऱ्यांचा चारा, सगळं तिथलंच. तरी साहेबांना संध्याकाळपर्यंत तक्ता हवा होता, म्हणून शून्य टाकून मोकळा झालो. आजही स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

तारेचं कुंपण पडलं तेव्हा काकूने मला बोलावून घेतलं. "माह्या बकऱ्या आता कुठी चारू?"

मी लाज सोडून म्हटलं, "गावानंच लिहून दिलं, काकू, तिथं काही नाही म्हणून."

"त्या पोट्ट्यायले नाई समजलं, ठीक हाय," ती म्हणाली. "तू तं इथलाच. आमी काहीच नाही कवा म्हनतो, तुले मालूम नव्हतं काय?"

मी फेरविचाराचा अर्ज केला. योजना मंजूर झाली आहे, आता जुने रकाने उकरू नका, असं उत्तर आलं. जमीन मात्र खुशाल उकरली होती त्यांनी.

दिवाळीला गेलो, तर काकूच्या अंगणातले बकऱ्यांचे खुंटे उपटलेले.

"काय उरलं, काकू?"

"काहीच नाही," ती म्हणाली. या वेळी ते खरं होतं.