मोहाखालची विश्रांती

शेजारच्या अंगणात मोहफुले वाळत घातली की त्यांचा गोडसर, आंबूस वास माझ्या टेबलापर्यंत येतो. आजही आला, आणि खेळाच्या मैदानावर बेकायदा मंडप ठोकणाऱ्यांविरुद्ध तक्रार लिहिणारा माझा हात थांबला.

तरुणपणी आलापल्लीच्या एका सकाळी कबड्डीच्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने मागे होतो. पंचांनी माझा रास्त गुण नाकारला होता. मी नियम ऐकवत ओरडत होतो, आणि शेवटची चढाई माझीच होती. आमचा कर्णधार देवाजी याने विश्रांती मागितली आणि मला मैदानाच्या कडेच्या मोहाखाली बसवले.

"वकीलसाहेब, फुलं वेचा," नियमांवरून भांडतो म्हणून मला ठेवलेल्या नावाने तो म्हणाला.

"काऊन? माहा गुण खाल्ला ना त्यानं!"

"खाल्ला. पण असे उकळून राह्यले, तर तुमी सरळ त्याइच्या घोळक्यात घुसान. चुरगळलं तं दुसरं वेचा."

पहिली फुले बोटांत चिरडली. तेवढ्यात देवाजीने आमच्या संघातल्या सुस्त मारोतीच्या पाठीत थाप हाणली, "झोपला का बे?" एकाला निववणे आणि दुसऱ्याला तापवणे, दोन्ही त्याला एकाच वेळी साधत होते. माझ्या तळहातावर एक फूल अखंड आले, तेव्हा तो म्हणाला, "जा आता."

मी दोघांना शिवून परतलो. आम्ही जिंकलो. देवाजीने माझा राग विझवला नव्हता, फक्त हाताला पेलेल एवढा ठेवला होता.

पंचांचा तो निर्णय मला अद्याप अमान्य आहे. मात्र सहीपूर्वी, शेजाऱ्यांच्या परवानगीने, मी एक मोहफूल उचलतो. ते अखंड राहिले, तरच तक्रार टपालात पडते.