मॅट घट्ट हाय

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटची आजारी होती, चार दिवस उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. देवळात हात जोडले की तोंडात भलतंच काहीतरी यायचं. आज तुमच्यापुढं तोंड उघडतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

सोलापुरातल्या एका गिरणीत मी कामाला होतो. म्हणजे नाव विणाईच्या साच्यावर, खरं काम मैदानावर. गिरणीची क्रिकेटची टीम होती आणि आम्हाला ठेवलं होतं ते खेळण्यासाठीच. दिवाळी झाली की सीझन सुरू व्हायचा. जुनी माणसं जमली की हटकून पहिल्या मॅचेसच्याच गोष्टी निघायच्या. एका वर्षी पहिल्याच ओव्हरला मैदानात वळू शिरला आणि अंपायर स्टंप उपटून त्याच्यामागं धावला. एका वर्षी चेंडू विहिरीत गेला आणि दुसरा कुणी आणलाच नव्हता. आणि एका वर्षी शिवाप्पानं एकट्यानं सात विकेट काढल्या.

तो शिवाप्पा मी. वळसंगचा. ही गोष्ट पोरं माझ्याच तोंडून ऐकायला मागायची, आणि मी सांगायचो. किती वेळा सांगितली असेल? पण सुरुवात नेहमी माझ्या हातात चेंडू आला तिथपासून. त्याच्या आधीचं — नाही.

इंग्रजांनी तीस साली शहरात लावलेला मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती. सहा सीझन पहिली ओव्हर माझी होती. वर्षातला पहिला चेंडू कोण टाकणार हे कुणी विचारायचंसुद्धा नाही. त्या वर्षी नागय्या आला. हातमागावरच्या तेलुगू घरातला, विशीतला, अंगानं काटकुळा. धोटा फेकून फेकून मनगट असं झालेलं की चेंडू टप्पा पडल्यावर सापासारखा वळायचा. सरावात त्यानं माझीच दांडी दोनदा उडवली. आणि वर येऊन म्हणाला, "अण्णा, पाय कुटं टाकायचा ते सांगा की. तुमच्यासारखं जमत न्हाय." खरंच विचारत होता हो. त्याच्यात खोट नव्हती. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मॅचच्या आदल्या संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी सांगितलं — नवा चेंडू नागय्या टाकेल. ते आमच्या विणाई खात्याचे मास्तर, त्यांच्या शब्दापुढं बोलायची सोय नव्हती. मी मान हलवली. नागय्याच्या पाठीवर थापही मारली.

आता सकाळचं सांगतो. सांगायचं ते सगळं तेवढ्यातच आहे.

आमचं मैदान मुरमाचं. त्यावर काथ्याची मॅट अंथरायची आणि कडेनं लोखंडी मेखा ठोकायच्या. ते काम म्हादबाचं. म्हादबा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्यांतला. दुष्काळात कळप गेला म्हणून शहरात आलेला. मी नेहमीसारखा लवकर पोचलो. म्हादबा एका कोपऱ्याशी उकिडवा बसून मेख हलवत होता.

"शिवाप्पा, ही धरंना बगा. खाली भुसभुशीत झालंय. लांब मेख आणतो लोहाराकडनं. तवर सायबास्नी सांगा, खेळ सुरू करू नका म्हनावं."

"जा तू, सांगतो," मी म्हणालो.

तो गेला. मी वाकून बघितलं. मेख दोन बोटं वर आलेली, मॅटला तिथं घडी पडलेली. आणि ती जागा — महिनाभर मी नागय्याचं एकेक पाऊल बघत होतो. चेंडू सोडताना त्याचा डावा पाय बरोबर तिथंच पडायचा. माझा तिथं पडत नव्हता, मी स्टंपापासून लांबून टाकायचो.

दोन्ही टीम आल्या. टॉस झाला, पहिली बोलिंग आमच्याकडं आली. साहेबांनी लांबूनच हाक मारली, "शिवाप्पा, मॅट घट्ट आहे ना?"

किती वेळ गेला असेल मध्ये? एक श्वास. तेवढ्यात मी सगळं बघितलं — तो घसरेल, लोक हसतील, चेंडू माझ्याकडं येईल. आणि म्हणालो, "व्हय साहेब. घट्ट हाय."

पाय मोडावा असं मनात नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण तो पडावा हे तर होतं ना? मग किती पडावा, हे ठरवणारा मी कोण?

तीन चेंडू नीट गेले. चौथ्याला पाय घडीत अडकला. अंग पुढं गेलं, गुडघा मागं राहिला. तुरीची वाळली काटकी मोडावी तसा आवाज. तो ओरडला नाही. "अम्मा" म्हणाला, तेही हळू.

सगळ्यांच्या आधी मी पोचलो. पोचणारच — माझी नजर दुसरीकडं कुठं नव्हतीच. त्यानं माझ्या गळ्यात हात घातला आणि सोडीचना. टांग्यात घालेपर्यंत एकच, "अण्णा, सोडू नका मला."

टांगा गेला. तेवढ्यात म्हादबा लांब मेख घेऊन पळत आला, मॅच तोवर थांबलेलीच होती. त्यानं मान खाली घालून मेख ठोकली. मग साहेबांनी चेंडू माझ्या हातात दिला, आणि मी सात विकेट काढल्या. खोटं कशाला सांगू — तसा चेंडू माझ्या हातून पुन्हा कधी पडला नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी खाली उतरवा म्हणालो नाही.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. म्हादबा तिथं उभा होता. "हा म्हणतो, यानं तुला सांगितलं होतं."

म्हादबा माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. मी आता बोलेन, एवढ्याच भरवशानं.

"न्हाय साहेब," मी म्हणालो. "मला कायबी बोलला न्हाय. घट्ट हाय म्हणाला, म्हणून मी तसं सांगितलं."

त्याचं काम गेलं. जाताना त्यानं पागोटं सारखं केलं. शिवी दिली असती तर? दिली नाही.

नागय्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. गिरणीत साच्यापुढं दिवसभर उभं राहवेना, घरच्या मागावर पायाखालचे पायटे दाबता येईनात. मग तो घरात पाय लांब करून बायांबरोबर सुताच्या कांड्या भरायचा. मी जायचो अधूनमधून. तो घरच्यांना सांगायचा — सगळ्यांच्या आधी धावून आला तो हा अण्णा. त्याची आई पाणी आणून द्यायची. काही वर्षांनी तो तापानं गेला. तोवर तो हेच सांगत होता.

त्याच्या आधी, तो जिवंत असताना, मी एकदा सांगोल्याला गेलो होतो. म्हादबाला खरं सांगायचं, त्याला घेऊन साहेबांकडं जायचं, असं ठरवून. विचारत विचारत माळावर पोचलो. दुसऱ्याची मेंढरं राखत होता. वाळला होता. मला बघून उठला, घोंगडं झटकून मला बसायला दिलं.

मी बोलायच्या आधी त्यानंच विचारलं, "त्या पोराचा पाय बरा झाला का वो? लई घोर लागलाय जिवाला. वाटतं, मीच सायबास्नी सांगून मग जायला पायजे व्हतं."

तोंडापर्यंत आलं होतं. खरंच आलं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "बरा झाला. पळतो की आता."

म्हादबानं डोळे मिटले, डोक्याला हात लावला, देवाचं नाव घेतलं. मग उठून एक शेळी धरली, पितळीत दूध काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

मी ते प्यालो.