बाराहजारीचे गुडघे

संग्रहालयात तिला सगळे बाराहजारी म्हणत. ते तिचं वय होतं, पगार नव्हे. तळमजल्याच्या दालनात जाडंभरडं कापड गुंडाळून ती दिवसभर गुडघ्यांवर बसायची आणि दगडावर दगड घासून जव भरडायची. नोकरी नणंदेनं लावून दिली होती. नणंद तिकीट खिडकीवर होती. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला, तेव्हा वन्संना नाही म्हणायची सोय नव्हती.

गाईड माणसं घेऊन यायचा. "बारा हजार वर्षांपूर्वी हवा फिरली. थंडी परतली, पाऊस आटला, रानातलं धान्य विरळ झालं. पोटाला चिमटा बसला तेव्हा माणसांनी उरलेलं बी ओलीच्या जागी पेरलं असावं. रानटी जवाचे दाणे पिकले की झडून जात. न झडणाऱ्या ओंब्याच हाती लागत, त्याच पुन्हा पेरल्या जात. असं करत करत गवताचं पीक झालं. आणि दळण पडलं हिच्या गळ्यात." माणसं हसायची. ती मान वर करायची नाही. तशी सूचनाच होती.

थंडी खरी वाटावी म्हणून साहेबांनी एसी वाढवून ठेवला होता. दुसऱ्याच वर्षी तिचे गुडघे सुजले.

"साहेब, खाली एखादी उशी चालेल का?"

"तेव्हा उशा होत्या का?" साहेब म्हणाले. नणंदेनं ते घरी जेवताना सगळ्यांना सांगितलं. नवराही हसला.

चौथ्या वर्षी एक हाडतज्ज्ञ आले. शेजारच्या दालनात त्या काळच्या एका बाईचा सांगाडा होता, तो बघायला. जाताना त्यांनी बाराहजारीला भिंत धरून उठताना पाहिलं. तिची पावलं हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले. इतक्या मायेनं तिच्या पायांना कुणी हात लावला नव्हता. तिला रडू फुटलं.

एक्स-रे निघाले. पायांचे वाकलेले अंगठे, झिजलेले गुडघे, दबलेली कंबर, सगळं त्या सांगाड्यासारखं. साहेब हरखून गेले. एक्स-रे मोठे करून सांगाड्याशेजारी लावले.

"खाली माझं नाव टाकाल का?" तिनं विचारलं.

"तिचं तरी कुठे आहे?"

औषधांचं काय, असं विचारायला तिनं तोंड उघडलं, पण हाडतज्ज्ञ गाडीत बसून गेले होते. महिन्याभरात तिला खाली बसताच येईना. साहेबांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

दालन रिकामं राहिलं तशी गर्दी ओसरली. मग एका संध्याकाळी नणंद घरी आली, पण वहिनीच्या खाटेकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात वहिनीच्या सुनेपाशी गेली. सून बाहेर आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

"माझे गुडघे अजून तरणे आहेत, आई."

बाराहजारी उठून बसली. नको म्हणायला हवं होतं, हे तिला कळत होतं. नवरा भिंतीकडे बघत होता, मुलगा मोबाईलमध्ये.

"मधूनमधून उठत जा," ती म्हणाली.

"साहेबांना चालत नाही म्हणे."

सकाळी सून निघाली. घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. तिलाही.